छातीशी धरलेली टोपी

नमस्कार श्रोतेहो.

आजच्या बोलण्याची सुरुवात एका टोपीपासून करतो. करड्या रंगाची, काठ असलेली, जुन्या चित्रपटांतले गुप्तहेर घालायचे तशी फेल्ट हॅट. लेनर्ड कोहेनचा २००८ नंतरचा कार्यक्रम ज्यांनी प्रत्यक्ष पाहिला, त्यांना काय लक्षात राहिलं असं विचारलं, की गाण्यांची नावं थोडी उशिरा येतात. आधी टोपी येते. सोबतचा एखादा वादक एकटा वाजवायला लागला की हा म्हातारा डोक्यावरची टोपी उतरवायचा, छातीशी धरायचा आणि त्या वादकाकडे तोंड करून, मान किंचित झुकवून उभा राहायचा. वाजवणं संपेपर्यंत. मग टोपी पुन्हा डोक्यावर आणि पुढचं कडवं सुरू.

म्हातारा म्हटलं, त्याबद्दल रागावू नका. खरं तर एवढ्या मोठ्या माणसाला अहो-जाहो करायला हवं. पण लाडक्या गायकाला आपण एकेरीतच हाक मारतो. किशोर गातो, आशा गाते. तसाच हाही आमचा कोहेन.

आणखी एक कबुली आधीच देऊन टाकतो. मी त्याला समोर बसून कधीही ऐकलेलं नाही. माझ्याकडे आहेत त्या ध्वनिमुद्रिका, चित्रफिती आणि ज्यांनी पाहिलं त्यांच्या आठवणी. आपल्याकडे बालगंधर्वांना न ऐकलेल्या माणसांनीसुद्धा बालगंधर्वांच्या आठवणी सांगितल्याच ना? आजोबांनी ऐकलं, नातवानं सांगितलं. माझं आजचं बोलणं त्यातलंच समजा.

ज्यांना हे नाव नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. लेनर्ड कोहेनचा जन्म १९३४ चा, कॅनडातल्या माँट्रियालचा. घरचा धंदा तयार कपड्यांचा, त्यामुळे जन्मभर अंगात सूट. आधी तो कवी झाला, मग कादंबरीकार, आणि पहिली तबकडी आली तेव्हा १९६७ सालचा डिसेंबर उजाडला होता. वय ३३. रॉकच्या त्या वेळच्या जगात विशी ओलांडली की माणूस पोक्त ठरायचा, आणि हे महाशय तिथे सुरुवात करत होते! आवाज म्हणाल तर फार पोहोचणारा नव्हता. वय वाढलं तसा तो खाली खाली उतरत गेला आणि शेवटी शेवटी तर विहिरीच्या तळातून कुणीतरी बोलतंय असा झाला. माझं मत विचाराल तर तो तिथे पोहोचल्यावरच त्याची गाणी त्याला खऱ्या अर्थानं मापात बसली. तरुणपणीच्या ध्वनिमुद्रणांत शब्द म्हाताऱ्याचे आणि आवाज पोराचा, अशी गंमत आहे.

आता या माणसाला रंगमंचाची भीती वाटायची, हे लक्षात घ्या. साधीसुधी नाही. १९६७ साली न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये, गायिका जूडी कॉलिन्सनं आग्रहानं उभं केलं तेव्हा, तो पहिलंच गाणं अर्ध्यावर टाकून आत निघून गेला. ती त्याला परत घेऊन आली आणि शेजारी उभी राहिली, तेव्हा कुठे गाणं पुरं झालं. १९७२ साली जेरुसलेमला तर त्यानं श्रोत्यांना सांगितलं, आज काही जमत नाहीये, पैसे परत करू. आणि गेला आत. आतल्या खोलीत त्यानं दाढी केली. हो, दाढी! बाहेर लोक उठून जायचे सोडून गात बसले. ते गाणं ऐकून हा परत आला, आणि त्या रात्री वादकांसकट सगळे रडले. चित्रीकरण झालेलं आहे, म्हणून विश्वास ठेवायचा.

१९९३ च्या दौऱ्यात या भीतीवर उतारा म्हणून दारू होती. रोज कार्यक्रमाआधी लाल वाइनच्या बाटल्या रिकाम्या व्हायच्या. तो दौरा संपला आणि कोहेननं गाशा गुंडाळला. लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डी नावाच्या डोंगरावर एक झेन मठ आहे. जोशू सासाकी रोशी नावाचे वृद्ध जपानी गुरू तिथे शिकवायचे. कोहेन तिथे जवळपास पाच वर्षं राहिला. पहाटे उठणं, स्वयंपाकघरातली कामं, बर्फात चालत जाऊन ध्यानाला बसणं. १९९६ साली रीतसर भिक्षू झाला आणि त्याला नाव मिळालं जिकान. त्याचा अर्थ साधारण मौन असा सांगतात. गाणाऱ्या माणसाला मौन हे नाव! रोशींना विनोदबुद्धी असणार.

आणि मग १९९९ साली तो डोंगर उतरला आणि आला कुठे? मुंबईला.

ही गोष्ट मला फार प्रिय आहे, म्हणून इथे दोन मिनिटं जास्त घेतो. खेतवाडीत निसर्गदत्त महाराज राहायचे, विडीचं दुकान चालवायचे, आणि माळ्यावरच्या छोट्याशा खोलीत जगभरातून आलेल्या माणसांशी मराठीतून बोलायचे. ते मराठी परदेशी साधकांसाठी इंग्रजीत आणणाऱ्यांपैकी एक होते रमेश बाळसेकर, बँक ऑफ इंडियाचे निवृत्त प्रमुख. महाराज १९८१ साली गेले. पुढे बाळसेकर स्वतः घरी सकाळी बसून बोलू लागले. डोंगरावर असताना कोहेननं त्यांचं एक पुस्तक वाचलं होतं. तो आला, केम्प्स कॉर्नरजवळच्या एका साध्या हॉटेलात उतरला आणि महिनोन्‌महिने राहिला. सकाळी बाळसेकरांकडे, नंतर ब्रीच कँडीला पोहायला. जगप्रसिद्ध गायक रस्त्यानं पायी चाललाय आणि कुणाला पत्ता नाही. आयुष्यभर त्याच्या मानगुटीवर बसलेलं नैराश्य साधारण याच काळात उतरलं. कशानं, हे त्यानं कधी ठासून सांगितलं नाही. उलट थट्टेत म्हणायचा, की वय झालं की मेंदूतल्या चिंतेच्या पेशी मरतात असं कुठंतरी वाचलंय, त्यामुळे साधना केली काय नि न केली काय, फरक पडतोच.

खेतवाडीच्या माळ्यावरचं मराठी बोलणं असं दोन हातांतून फिरत त्याच्यापर्यंत गेलं होतं. त्यातलं किती त्याच्या गाण्यात उतरलं, कोण जाणे. पण २००८ नंतर रंगमंचावर जो माणूस दिसला त्याच्यात पूर्वीची भीती दिसत नव्हती, एवढं मात्र खरं.

पण तो रंगमंचावर आला कशासाठी? पैशासाठी. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही, त्यानंही झाकलं नाही. २००४ साली त्याच्या लक्षात आलं, की आपण डोंगरावर आणि मुंबईत असताना आपल्या व्यवस्थापकानं खाती रिकामी केली आहेत. पन्नास लाख डॉलरहून अधिक रक्कम गेली होती. सत्तरीला पोहोचलेल्या माणसाची म्हातारपणाची पुंजी. न्यायालयानं २००६ साली निकाल त्याच्या बाजूनं दिला, नव्वद लाख डॉलर द्यायला सांगितले. निकाल हातात आला, पैसे नाही. रॉब हॅलेट नावाचा लंडनचा एक आयोजक बरीच वर्षं त्याच्या मागे लागला होता, की तुम्ही फक्त या. कोहेनला खात्री नव्हती. आपल्याला ऐकायला आता कोण येणार, हा प्रश्न तो खरंच विचारत होता. शेवटी ठरलं असं, की आधी तालीम करून बघायची, खर्च आयोजकाचा, आणि मनासारखं झालं नाही तर विषय सोडून द्यायचा.

तालीम तीन महिने चालली. रॉकच्या मानानं हे फार झालं. संगीत नाटकवाल्यांना मात्र ते पटेल.

११ मे २००८. पहिला कार्यक्रम झाला कॅनडाच्या पूर्व टोकाला, फ्रेडरिक्टन नावाच्या लहानशा शहरात, जेमतेम सातशे खुर्च्यांच्या नाट्यगृहात. मुद्दाम आडबाजूचं गाव निवडलं, म्हणजे फजिती झालीच तर फार गाजावाजा व्हायला नको. पंधरा वर्षांनी माणूस लोकांसमोर येत होता, वय ७३. तो बाहेर आला आणि लोक उभे राहिले. अजून एक सूरही लागला नव्हता. पुढची पाच वर्षं जगभर जवळजवळ प्रत्येक ठिकाणी हेच झालं, आधी उभे राहायचे, मग बसून ऐकायचे.

आता तो कार्यक्रम दिसायचा कसा, ते सांगतो. रंगमंचावर जुने गालिचे अंथरलेले. सगळे वादक सुटाबुटात, बऱ्याच जणांच्या डोक्यावर टोप्या. आतल्या बाजूनं कोहेन यायचा तो चालत नाही, उड्या मारत! शाळा सुटल्यावर पोरं एका पायावर लंगडत-उडत निघतात ना, तसा. मध्यंतराला तसाच उडत आत, परत येताना तसाच. प्रत्येक वेळी लोक हसायचे आणि प्रत्येक वेळी नव्यानं. मग तो माइक दोन्ही हातांत घट्ट धरून, डोळे मिटून, गुडघे वाकवत वाकवत गायचा. कधी कधी थेट गुडघ्यांवर. डाव्या हाताला हावियेर मास हा स्पॅनिश वादक बसलेला असायचा, हातात बंदूरिया किंवा लाउद, दोन्ही स्पॅनिश तंतुवाद्यं. त्यानं एखादं गाणं सुरू करताना एकट्यानं वाजवायला घेतलं, की कोहेन त्याच्यासमोर गुडघे टेकून बसायचा, टोपी छातीशी. मालकानं नोकरासमोर गुडघे टेकावेत असलं नाटक त्यात वाटायचं नाही. त्याला ते वाजवणं जवळून ऐकायचं असायचं, बस.

मी एका चित्रफितीत हे दृश्य किती वेळा पाहिलं असेल, मोजदाद नाही. कॅमेरा मासच्या बोटांवर असतो आणि कोपऱ्यात, अर्धवट अंधारात, हा पंचाहत्तरीचा माणूस मान खाली घालून बसलेला. बघता बघता आपणही त्याच्यासारखे ऐकायला लागतो. जे लोक सभागृहात होते त्यांनाही नेमका हाच अनुभव आला असावा. वीस हजारांच्या सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता व्हायची, असं ते सांगतात. मला ते खरं वाटतं. ज्याच्यासाठी तिकीट काढलं तोच जर इतकं मन लावून दुसऱ्याला ऐकत असेल, तर आपण शेजाऱ्याशी कसे बोलणार?

हे सगळं गंभीर होतं असं समजू नका. एक गाणं तो छोट्या कीबोर्डवर एकटाच सुरू करायचा. मधे एका बोटानं चार सूर वाजवायचा, शिकाऊ पोरासारखे, आणि लोक टाळ्यांचा कडकडाट करायचे. तो मान लववून आभार मानायचा, जणू काही मैफल मारली. त्याच गाण्यात आपल्याला सोन्यासारखा आवाज जन्मजात लाभलाय अशा अर्थाची ओळ आहे. त्या ओळीला सगळं सभागृह ओरडायचं. गाण्याच्या शेवटी तीन गायिका मागे साधे निरर्थक बोल म्हणत असायच्या, दम-दम-दा-दू असले काहीतरी. हा त्यांना सांगायचा, थांबू नका. मग श्रोत्यांकडे वळून म्हणायचा, की आयुष्याच्या सगळ्या गूढ प्रश्नांचं उत्तर मला आज रात्री मिळालं आहे, आणि तुम्ही इतके जीव लावून ऐकताय म्हणून सांगून टाकतो. सभागृह कान टवकारणार. आणि उत्तर काय? दम-दम-दा-दू.

१७ जुलै २००८ च्या लंडनच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण पुढच्या वर्षी बाजारात आलं. त्यात तो सांगतो, की मागच्या वेळी लंडनला आलो तेव्हा साठीचा होतो, डोक्यात खूळ भरलेलं कोवळं पोर. मग नैराश्यावरच्या गोळ्यांची नावं एका दमात म्हणून दाखवतो, स्तोत्र म्हटल्यासारखी. पुढे म्हणतो, धर्म आणि तत्त्वज्ञानंही खोलवर अभ्यासली, पण काय करू, मधे मधे आनंद घुसतच राहिला.

आता एक तक्रार. या कोट्या तो गावोगावी त्याच करायचा. शब्द न शब्द तोच, थांबायची जागा तीच. ज्यांनी दोन-तीन शहरांत जाऊन ऐकलं त्यांच्या हे लक्षात आलं, आणि काहींचा हिरमोड झाला. मला मात्र नाही वाटत काही. दोनशेव्या प्रयोगाला नट तेच वाक्य त्याच जागी घेतो, आणि आपण ते ऐकायलाच पुन्हा जातो. तिकिटं महाग होती, ही तक्रार मात्र रास्त आहे.

लोकांना सगळ्यांत माहीत असलेलं त्याचं गाणं म्हणजे ‘हॅलेलुया’. त्याचीही कर्मकहाणी आहे. १९८४ साली गाण्यांच्या ज्या संग्रहात ते होतं तो संग्रह अमेरिकेत काढायलाच त्याच्या कंपनीनं नकार दिला होता. मग इतरांनी ते गाणं गायलं, आणि २००८ च्या नाताळात ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर एका आवाजात, दुसऱ्या क्रमांकावर दुसऱ्या आवाजात, आणि ज्यानं लिहिलं त्याच्या आवाजात छत्तिसाव्या क्रमांकावर! त्याच वर्षी २९ जूनला इंग्लंडमधल्या ग्लॅस्टनबरी संगीत महोत्सवात, उघड्या माळावर, सूर्य मावळताना, त्यानं ते गायलं. समोर बरीच पोरं अशी, जी दुसऱ्या कुणाला ऐकायला आली होती. तीही गात होती.

२००९ चा सप्टेंबर आठवला की त्याचे चाहते अजून हळवे होतात. १८ तारखेला स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला गाता गाता तो कोसळला. वादकांनी सावरलं, कार्यक्रम थांबला, रुग्णालयात नेलं. पोटाचं दुखणं निघालं. तीनच दिवसांनी, २१ सप्टेंबरला, बार्सिलोनात कार्यक्रम होता आणि तो त्याचा पंचाहत्तरावा वाढदिवस. देशोदेशीचे चाहते आधीपासून ठरवून जमले होते. त्याच्या पहिल्या तबकडीतल्या एका गाण्यात हिरव्या मेणबत्तीचा उल्लेख आहे, म्हणून त्यांनी हिरवे दिवे आणले होते. तो येईल की नाही हेच तीन दिवस कुणाला माहीत नव्हतं. तो आला, उडत उडतच आला. सभागृहात हिरवे दिवे लागले, आणि त्यानं चाहत्यांचे खास आभार मानले.

तीन दिवसांनी तेल अवीवजवळ रामात गान इथे, पन्नास हजारांच्या आसपास माणसं. कोहेन हे आडनाव ज्यूंमधल्या पुरोहित घराण्यांचं. कार्यक्रमाच्या शेवटी त्यानं दोन्ही हात वर केले, बोटं त्या घराण्यांच्या रीतीनं फाकवली, आणि पुरोहितांचा प्राचीन आशीर्वाद हिब्रूत म्हटला. त्या कार्यक्रमाचे पैसे इस्रायली आणि पॅलेस्टिनी यांच्यातल्या समेटासाठी काम करणाऱ्यांना दिले गेले. वादही बरेच झाले. पॅलेस्टिनी भागातल्या रामल्ला शहरातला ठरलेला कार्यक्रम होऊ शकला नाही. तो विषय मोठा आहे, आज त्यात शिरत नाही.

गेलेले पैसे केव्हाच भरून निघाले होते. दौरा २०१० च्या डिसेंबरात संपला. घरी बसायला हरकत नव्हती. पण २०१२ साली नवा संग्रह आला आणि ऑगस्टमध्ये बेल्जियमच्या गेंट शहरातून हा पुन्हा निघाला. आता कार्यक्रम तीन तासांच्या वर जाऊ लागले. एक चैन मनात होती, ती तो श्रोत्यांना सांगायचा. सिगारेट सोडली आहे, पण ऐंशी पूर्ण झाली की पुन्हा सुरू करणार. दोन्ही दौरे मिळून साडेतीनशेहून जास्त कार्यक्रम झाले. आणि प्रत्येक ठिकाणी टोपी.

तो ७ नोव्हेंबर २०१६ ला गेला. त्याआधी अडीच आठवडे शेवटचा संग्रह आला होता. पाठीच्या दुखण्यामुळे घरीच, खास खुर्चीत बसून गायलेला, मुलानं जुळवलेला. बातमी आली तेव्हा माँट्रियालमधल्या त्याच्या घराच्या पायऱ्यांवर लोकांनी फुलं, मेणबत्त्या ठेवल्या, आणि समोरच्या लहानशा बागेत थंडीत उभं राहून रात्री उशिरापर्यंत गात राहिले.

पण मला आज थांबायचंय ते ऑकलंडला. न्यूझीलंड, २१ डिसेंबर २०१३. दौऱ्यातला शेवटचा कार्यक्रम. तो त्याच्या आयुष्यातलाही शेवटचा ठरणार हे तेव्हा कुणी जाहीर केलेलं नव्हतं. त्यानं श्रोत्यांचे आभार मानले. आजच्या रात्रीपुरते नाही, इतकी वर्षं माझ्या गाण्यांकडे लक्ष दिलंत त्याबद्दल. आणि निरोपाला गाणं घेतलं ते स्वतःचं नाही. अर्धशतकापूर्वीचं, नाचाचं, दुसऱ्यांनी लिहिलेलं. त्याचे शब्द लिहिणारा डॉक पोमस लहानपणी पोलिओ झालेला, कुबड्यांवर चालणारा माणूस. स्वतःच्या लग्नात नवरी पाहुण्यांबरोबर नाचत होती आणि हा बसून बघत होता. पुढे त्यातून हे गाणं आलं. नाच कुणाबरोबरही, पण शेवटचा नाच माझ्यासाठी राखून ठेव.

कोहेननं ते गायलं. लोक उभे राहून, हात हलवत, सोबत गात होते. मागे वादकांनी सुरावट घोळवायला सुरुवात केली, आणि टोपी हातात आली.